गाडी परमुलखातली, पारख घरची

मंडळी, हल्ली चार-दोन हजार वस्तीच्या गावातसुद्धा एखादं-दुसरं घर असं निघतंच, ज्या घरचं लेकरू शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेला गेलेलं असतं. कुणाचा मुलगा गेला, कुणाची मुलगी गेली, कुणाची लेक लग्न होऊन गेली. पहिले दोन-तीन महिने फोनवरचं बोलणं ठरलेलं असतं. जेवलास का, थंडी कितपत आहे, खोलीवर बरोबर कोण आहे. मग एका रविवारी नवाच विषय निघतो. "इथं गाडीशिवाय भागत नाही. एक जुनी मोटार बघून ठेवली आहे. घेऊ का?"

झालं! घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "घेऊ दे की, गावात नाव निघेल." दुसरा म्हणतो, "शिकायला गेलाय की मिरवायला?" आणि ज्या बापानं शिक्षणाच्या कर्जावर सही केलेली असते, तो काहीच बोलत नाही. तो मनातल्या मनात हिशेब करीत असतो.

आजचं हे पान त्या तिघांसाठी आहे. परक्या मुलखात नव्यानं गेलेल्या माणसानं मोटार घेताना काय बघायचं, फसगत कुठं होते, आणि इथं ओसरीवर बसून तुम्हाला काय करता येतं, ते आज बोलू. मोटारीतलं आपल्याला काय कळतंय, असं म्हणून पान उलटू नका. ज्यानं बैलबाजारात जनावर पारखलं आहे आणि तलाठ्याकडून सातबारा काढून नीट वाचला आहे, त्याला यातलं बारा आणे आधीच ठाऊक आहे.

गरज की हौस?

पहिला प्रश्न हा. अमेरिकेतली बहुतेक शहरं मोटार डोळ्यांपुढे ठेवूनच वसलेली आहेत. घर एकीकडे, वाणसामानाचं दुकान चार-पाच मैलांवर, काम आणखी दुसऱ्या टोकाला. मैल म्हणजे आपला १.६ किलोमीटर. पुष्कळ ठिकाणी एसटीसारखी सोय नाही, आणि असली तरी तासाला एक गाडी. अशा ठिकाणी मोटार ही चैन नव्हे, पायातली वहाण आहे. तेव्हा गाडी मागितली म्हणून पोर बिघडलं, असं समजू नका.

पण सगळीकडे तसं नाही. न्यूयॉर्क शहरात निम्म्याहून जास्त घरांत मोटारच नाही, कारण तिथं जमिनीखालून रात्रंदिवस रेल्वे धावते. विद्यापीठाच्या गावात पुष्कळदा विद्यापीठाच्याच बसगाड्या असतात. म्हणून पोराला विचारा, "गाडी नसेल तर तुझं नेमकं कोणतं काम अडतं?" उत्तरात नोकरी, वर्ग, दवाखाना आला तर गरज खरी. उत्तर नुसतं "सगळ्यांकडे आहे" असं आलं, तर अजून सहा महिने थांबायला हरकत नाही. तोवर सोबत्यांच्या गाडीत पेट्रोलचा वाटा देऊन बाजारहाट होतो.

गावात पत, तिथं कोरी पाटी

आता नव्या माणसाची खरी अडचण सांगतो. आपल्या गावात दुकानदार उधार देतो तो तुमच्या आज्याचं नाव ऐकून. तुमचं घर कोणतं, शब्दाला किती पक्कं, हे त्याला ठाऊक असतं. याला आपण पत म्हणतो. विमानातून उतरलेल्या पोराला ही पत बरोबर नेता येत नाही. तिथं त्याला ओळखणारं कुणी नाही.

तिकडे माणसाची पत कागदावर मोजतात. इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन अशा तीन मोठ्या कंपन्या प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवतात. त्या नोंदीवरून ३०० ते ८५० या दरम्यान एक आकडा काढतात. फायको नावाचा हा आकडा १९८९ पासून रूढ झाला. तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या सिबिलसारखंच झालं! बरोबर. बँकेत कर्जाला गेलात की आपल्याकडे ३०० ते ९०० मधला सिबिलचा आकडा बघतात, तसंच ते. पण इथला सिबिलचा आकडा तिथं चालत नाही. इथं आयुष्यभर एक हप्ता चुकवला नाही अशा घरातलं पोर तिथं गेलं, की त्याची पाटी कोरी. आणि कोऱ्या पाटीला सावकार भितो. तो एक तर कर्ज नाकारतो, नाही तर चढं व्याज लावतो.

म्हणून शहाणं पोर गेल्या गेल्या मोटार घेत नाही, आधी पत तयार करतं. बँकेत थोडी रक्कम ठेव म्हणून ठेवायची आणि त्या ठेवीच्या तारणावर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्यायचं. आपण ठेवतारण कर्ज घेतो, त्यातलाच हा प्रकार. त्यावर दरमहा वाणसामानाइतकी थोडी खरेदी करायची आणि मुदतीच्या आत पुरी रक्कम भरून मोकळं व्हायचं. असं निदान सहा महिने चाललं, की फायकोचा आकडा निघू लागतो.

आणखी एक गोष्ट. तिकडे क्रेडिट युनियन नावाच्या संस्था असतात. नाव परकं असलं तरी माणूस ओळखीचा आहे. ती सभासदांच्या मालकीची पतसंस्थाच. पुष्कळ विद्यापीठांच्या आणि कारखान्यांच्या अशा संस्था आहेत. मोटारविक्याच्या ओळखीनं मिळणाऱ्या कर्जापेक्षा इथला व्याजदर बरेचदा कमी असतो. तेव्हा गाडी बघायला जाण्याआधी पतसंस्थेत जाऊन "मला किती आणि काय दरानं द्याल" हे लेखी घेऊन ठेवावं. खिशात असा कागद असला की बाजारात मान ताठ राहते.

आंबट लिंबाची गोष्ट

तिकडे खोडीच्या मोटारीला लिंबू म्हणतात. वरून पिवळीधमक, आत आंबट. या लिंबावर जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली एक लेख प्रसिद्ध केला. आधी तीन ठिकाणांहून तो लेख परत आला होता. पुढे याच कामासाठी त्यांना २००१ साली दोघा सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. गंमत अशी, की हे गृहस्थ १९६७-६८ मध्ये दिल्लीला राहून गेले होते. जुन्या मोटारींच्या त्या लेखात आपल्याकडच्या बायकांचाही उल्लेख आहे. तांदळात मुद्दाम मिसळलेले तांदळासारखेच खडे त्यांना कसे निवडत बसावे लागतात, ते त्यांनी लिहिलं आहे. गावच्या सावकाराचाही विषय त्यात आहे.

त्यांचं म्हणणं दुधावरून चटकन कळेल. समजा, डेअरीनं फॅट न मोजता सगळं दूध एकाच भावानं घ्यायचं ठरवलं. काय होईल? ज्याचं दूध घट्ट, तो म्हणेल हा भाव मला परवडत नाही, मी घरीच तूप करतो. ज्यानं पाणी घातलं, तो मात्र रोज हजर. थोड्याच दिवसांत डेअरीत पाणीच पाणी! जुन्या मोटारींच्या बाजारात हेच होतं. गाडीची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा बेताचा भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात लिंबं जास्त उरतात.

यावर उपाय काय? तुम्ही रोज बघता तोच. फॅट मोजायचं! तेही आपल्या यंत्रावर, विकणाऱ्याच्या नव्हे.

कागद आधी, गाडी मग

जमीन घेताना तुम्ही आधी काय बघता? विहीर नव्हे, आंब्याचं झाड नव्हे. आधी सातबारा. मोटारीचा सातबारा म्हणजे तिकडचं टायटल. मालक कोण, ते त्यावर लिहिलेलं असतं. विकणारा समोर उभा आहे आणि कागदावर नाव भलत्याचंच आहे, असं दिसलं की "मित्राची गाडी आहे, मावशीची आहे" या गोष्टी ऐकत थांबू नये. काही लोक चोरून धंदा करतात. दहा गाड्या स्वस्तात उचलायच्या, एकही स्वतःच्या नावावर करायची नाही, आणि घरगुती गाडी म्हणून विकायची. मागून तक्रार करायला जावं, तर कागदावर त्या माणसाचं नावच नसतं.

दुसरं, सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा असतो ना, तसा टायटलवरही कर्ज देणाऱ्याचा बोजा असतो. बोजा उतरल्याचा लेखी कागद हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नाही तर गाडी तुमच्या दारात आणि हक्क बँकेचा.

तिसरं, टायटलवर शिक्का आहे का ते बघावं. अपघातात किंवा पुरात मोडीत निघालेली गाडी विमा कंपनी भंगाराच्या भावानं विकते. कुणी तरी ती ठोकून-ठाकून, रंग देऊन पुन्हा बाजारात आणतो. अशा गाडीच्या टायटलवर 'सॅल्व्हेज' असा शिक्का बसतो. २००५ साली कतरिना, २०१२ साली सँडी आणि २०१७ साली हार्वे या चक्रीवादळांनंतर पाण्यात बुडालेल्या मोटारी लांबलांबच्या राज्यांत विकायला गेल्या. एका राज्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा प्रवास करवून शिक्का पुसायचे प्रकारही होतात. पुरात बुडालेल्या पंपाच्या मोटारीचं काय होतं ते नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. आज चालते, उद्या आतून गंजते.

हे शोधायचं कसं? १९८१ सालच्या मॉडेलपासून तिकडच्या प्रत्येक मोटारीला १७ अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक असतो. त्याला व्हीआयएन म्हणतात. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच नसतात, म्हणजे एक-शून्याशी घोटाळा होऊ नये. समोरच्या काचेतून चालकाच्या बाजूला तो दिसतो, आणि दाराच्या चौकटीवरही असतो. दोन्हीकडचा आणि टायटलवरचा क्रमांक एकच आहे ना, हे बोट ठेवून वाचावं. मग त्याच क्रमांकावरून गाडीचा इतिहास काढता येतो. थोडे डॉलर लागतात, पण ते वाचवू नयेत. चोरीची किंवा मोडीत निघालेली गाडी आहे का, हे तर एका संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. कंपनीनं दुरुस्तीसाठी ती गाडी परत बोलावली आहे का, हे तिथल्या सरकारी रस्ते-सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर कळतं. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगांची गोष्ट घ्या. अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगा परत बोलावाव्या लागल्या. जीव वाचवायची पिशवीच फुटून माणसं दगावली होती. ही दुरुस्ती कंपनीचा अधिकृत विक्रेता फुकट करून देतो. पण परत बोलावलेली जुनी गाडी दुरुस्त न करताच विकली जाऊ शकते, म्हणून आपणच बघायचं.

गाडी किती मैल पळाली, तो आकडा म्हणजे बैलाचे दात. दोन दाती आहे की जुळला आहे, त्यावर किंमत. हा आकडा मागं फिरवून म्हातारी गाडी तरणी दाखवायची लबाडी जुनी आहे. म्हणून १९७२ साली तिकडे त्याविरुद्ध कायदा झाला. विकणाऱ्याला तो आकडा लिहून खाली सही द्यावी लागते. तरी लबाडी संपलेली नाही. तेव्हा आकड्याची गाठ झिजेशी घालावी. आकडा ४० हजार मैल सांगतो, पण पायाखालचं ब्रेकचं रबर गुळगुळीत झालंय, चालकाची बसायची जागा खचलीय. मग कुठं तरी पाणी मुरतंय.

चालवून बघा, पण थंड असताना

बाजाराच्या दिवशी व्यापारी बैलाची शिंगं साळून, अंगाला तेल लावून आणतो. जाणता शेतकरी झुलीकडे बघत नाही. तो चालवून बघतो, जुंपून बघतो, खुराला हात लावतो. मोटारीचंही तसंच. विकणाऱ्याला आधीच सांगावं, की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्यावर बोनेटला हात लावून बघावा. तापलेलं असेल तर विचारावं, का बुवा? थंडीत चालू व्हायला रुसणारी गाडी तापवून ठेवली की खोड झाकली जाते. चालू करताना मागून निळा धूर आला, तर इंजिन तेल खातंय. चालवताना हात सैल सोडल्यावर गाडी एका अंगाला ओढते का, ब्रेक दाबल्यावर थरथरते का, ते बघावं.

जिथं बर्फ पडतं त्या राज्यांत आणखी एक तपास करावा लागतो. बर्फ वितळावं म्हणून तिथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाला लागून लोखंड खातं. कोकणात खाऱ्या वाऱ्यानं पत्र्याची काय गत होते, ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे कळेल. वरचा रंग आरशासारखा असला तरी वाकून खालून बघावंच.

आणि शेवटी फॅट मोजायचं काम. स्वतः निवडलेल्या मिस्त्रीकडे गाडी न्यावी आणि शंभर-दोनशे डॉलर देऊन पुरी तपासून घ्यावी. विकणारा "माझ्याच माणसाकडे चला" म्हणाला तर नको म्हणावं. "तपासणीच नको" म्हणाला तर रामराम ठोकून बाहेर पडावं. मुलगी एकटी असेल तर तिनं सोबत माणूस नेल्याशिवाय जाऊ नये. भेट दिवसाउजेडी ठेवावी. तिकडे पुष्कळ पोलीस ठाण्यांच्या आवारात अशा खरेदी-विक्रीला जागा नेमून दिलेली असते. गावात ओळखीचं कुणी नसेल, तर महाराष्ट्र मंडळ शोधावं. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था १९८१ पासून आहे. जुनं जाणतं माणूस तिथं भेटतं.

गोड बोलण्याला पावती मागा

मोटारी विकणाऱ्या दुकानात गेलात तर कायद्याचा थोडा आधार असतो. १९८५ पासून तिथल्या विक्रेत्याला प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर एक छापील कागद लावावा लागतो. गाडीला हमी आहे की 'आहे तशी' विकायची आहे, हे त्यावर असतं. 'आहे तशी' याचा अर्थ दुकानाबाहेर पडल्यावर इंजिन गळून पडलं तरी खर्च तुमचा. तोंडी दिलेलं वचन लिहून घ्या, हेही त्याच कागदावर छापलेलं असतं. म्हणजे बघा, सरकारच सांगतंय की याच्या गोड बोलण्यावर जाऊ नका!

पुष्कळ नव्या माणसांचा समज असतो, की तीन दिवसांत गाडी परत देता येते. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून घेतलेल्या वस्तूंना तसा केंद्राचा नियम आहे, दुकानात जाऊन घेतलेल्या मोटारीला तो लागू नाही. काही राज्यांचे स्वतःचे नियम आहेत, ते आधी वाचावेत. पण सही करण्याआधीचा विचार हाच खरा.

आणि सगळ्यात मोठा सापळा म्हणजे "महिन्याला किती जमेल?" हा प्रश्न. विक्रेता किंमत सांगतच नाही, हप्ता सांगतो. समजा, १२ हजार डॉलर कर्ज घेतलं, व्याज दरसाल १८ टक्के. ३६ महिन्यांत फेडायचं तर हप्ता सुमारे ४३४ डॉलर. विक्रेता म्हणतो, "जड होतंय? ७२ महिने करू, मग २७४ च पडेल." पोर खूश. पण एकूण भरणा बघा. ३६ महिन्यांत सुमारे १५ हजार ६१८ डॉलर होतात, ७२ महिन्यांत १९ हजार ७०६. म्हणजे हप्ता हलका केला म्हणून ४ हजारांवर डॉलर जास्त गेले, आणि सहा वर्षांनी हातात म्हातारी गाडी. तेच कर्ज पत तयार करून, पतसंस्थेतून ८ टक्क्यांनी ३६ महिन्यांसाठी मिळालं, तर एकूण १३ हजार ५३७ डॉलरांत काम होतं. सहा महिने थांबून कार्डाची फेड वेळेवर केल्याची ही मजुरी समजा.

म्हणून विक्रेत्याला एकच विचारावं, "कर, नोंदणी, कागदपत्रांचा आकार, सगळं धरून गाडी दाराबाहेर काढायला किती?" तो आकडा कागदावर घ्यावा आणि घरी येऊन झोपावं. "आज संध्याकाळपर्यंतच हा भाव" म्हणणारा व्यापारी आपल्याकडेही असतो. उद्या तोच फोन करतो.

आणखी एक खेळी ऐकून ठेवा. कर्ज मंजूर व्हायच्या आधीच विक्रेता किल्ली हातात देतो. पोर गाडी घरी नेतं, मित्रांना दाखवतं, फोटो पाठवतं. आठ दिवसांनी निरोप येतो, "कर्ज नामंजूर झालं, जास्त व्याजाच्या कागदावर सही करा, नाही तर गाडी आणून द्या." तोवर जीव गाडीत अडकलेला असतो. कर्ज पक्कं झाल्याचा कागद मिळाल्याशिवाय किल्लीला हात लावू नये, आणि कोऱ्या कागदावर सही तर कधीच करू नये. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यानं आपल्या किती पिढ्यांच्या जमिनी गेल्या, ते सांगायला हवं का?

विमा आणि परवाना

तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि चालक डावीकडे बसतो. इथं दहा वर्षं ट्रॅक्टर चालवला असला तरी तिथं हात नवाच. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षाचा असतो, पण राहायलाच गेलेल्या माणसाला त्या राज्याची परीक्षा देऊन तिथला परवाना घ्यावा लागतो. आधी परवाना, मग गाडी.

विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं जवळजवळ सगळ्या राज्यांत गुन्हा आहे. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. तिथं १ जानेवारी २०२५ पासून निदान इतका विमा लागतो: एका माणसाच्या दुखापतीसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांसाठी मिळून ६० हजार, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५ हजार. आकडे मोठे वाटतील. पण तिकडे इस्पितळाचं बिल त्याहून मोठं होऊ शकतं, आणि वरची रक्कम ठोकर देणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून जमेल तर कायद्यानं सांगितल्यापेक्षा जास्त घ्यावा. नव्या चालकाला हप्ता चढा पडतो. तेव्हा गाडी ठरवण्याआधीच "या गाडीला विमा किती पडेल?" हे विचारून घ्यावं. स्वस्त गाडी आणि महाग विमा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पैसे देताना रोख पुडकं नेऊ नये. बँकेत जाऊन, बँकेचा धनादेश काढून तिथंच व्यवहार करावा. टायटलवर विकणाऱ्याची सही घ्यावी आणि फेरफार लगेच करावा. कॅलिफोर्नियात घेणाऱ्यानं १० दिवसांत गाडी नावावर करायची असते, आणि विकणाऱ्यानं ५ दिवसांत विकल्याचं सरकारला कळवायचं असतं. इतर राज्यांचे दिवस वेगळे असतात. आपल्याकडे तोंडी वाटणी करून पन्नास वर्षं फेरफार न केलेली भावंडं आहेत. तिथं ते चालत नाही.

घरच्यांनी काय करावं?

आता बापाच्या हिशेबाकडे येऊ. पोराचं बोलणं ऐकून जीव तुटतो, आणि वाटतं, म्हैस विकू, सोनं गहाण ठेवू, पण पाठवू. मंडळी, हे करू नका. पाच हजार डॉलर म्हणजे चार लाखांवर रुपये. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असताना गाडीसाठी इथं दुसरं कर्ज काढणं म्हणजे एका बैलाच्या मानेवर दोन जोखडं. गाडी दर वर्षी उतरते, जमीन तशी उतरत नाही. वाढत्या वस्तूवर कर्ज काढून घटती वस्तू घेऊ नये, हा साधा प्रपंच आहे. पोराला स्पष्ट सांगा, "तुझ्या कमाईतून होईल तेवढीच घे. लहान घे, जुनी घे, पण धड घे." आणि इथं घरात काय परिस्थिती आहे, ती त्याच्यापासून लपवू नका. ज्याला खरं सांगितलं जातं ते पोर समजुतीनं वागतं.

पैसे पाठवता आले नाहीत म्हणून तुम्ही निकामी ठरत नाही. तिथं त्या पोराजवळ नेमकं जे नाही, ते तुमच्याजवळ आहे. घाई नसलेलं डोकं आणि व्यवहार बघितलेले डोळे. फोन आला की एक-एक करून विचारा:

गाडी नसेल तर कोणतं काम अडतं?

टायटलवर नाव कुणाचं, आणि बोजा आहे का?

तू निवडलेल्या मिस्त्रीनं बघितली का, की विकणाऱ्याच्या?

हप्ता नको सांगू, एकूण किती भरशील ते सांग.

विमा किती पडतो, आणि परवाना मिळाला का?

पाचही प्रश्नांना सरळ उत्तरं आली, तर आशीर्वाद द्या आणि घेऊ द्या. एकाही प्रश्नाला "बघतो, विचारतो" असं उत्तर आलं, तर म्हणा, "मग बघ, विचार, आणि पुढच्या रविवारी फोन कर." आठ दिवसांत बाजार पळून जात नाही.

हे पान कापून देवळीत ठेवा, किंवा त्याचा फोटो काढून पोराला पाठवा. आणि एक दिवस नव्या-जुन्या गाडीपाशी हसत उभ्या असलेल्या लेकराचा फोटो आला, की शेजारी दाखवायला पळण्याआधी एवढंच विचारा, "बाळा, कागद तुझ्या नावावर झाला का?" हो म्हणालं, की पेढे वाटा.